फॉरमॅट झालेली हार्ड डिस्क आणि आजीच्या ओव्या

आजचा विषय तसा टेक्निकल आहे, पण सुरुवात माझ्या आजीपासून करतो.

माझी आजी सातारा जिल्ह्यातली. जात्यावरच्या ओव्या तिला तोंडपाठ. कॉलेजच्या सुट्टीत मी एक छोटा रेकॉर्डर घेऊन तिच्यासमोर बसायचो. असं करत एकतीस रेकॉर्डिंग झाली. सगळी एका एक टीबीच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर ठेवली. कॉपी? नव्हती. 'करू की नंतर' असं चाललं होतं.

आजी गेली. त्यानंतर दीड वर्षाने मामेभावाने ती डिस्क त्याच्या लॅपटॉपला लावली. आधी कुणीतरी ती सेफली रिमूव्ह न करता खेचून काढली असणार, कारण स्क्रीनवर मेसेज आला की ही डिस्क वापरायची तर फॉरमॅट करावी लागेल. दादाने ओके दाबलं. पाच-सात सेकंदांत काम झालं. डिस्क एकदम कोरी! वर त्याने तीन-चार सिनेमे पण टाकले. मला कळलं संध्याकाळी. काय वाटलं ते सांगत बसत नाही, तुम्ही समजू शकता.

आता मुद्द्याचा प्रश्न. एक टीबीची डिस्क पाच सेकंदांत खरंच पुसली जाईल का?

नाही. समजा, गावात जमिनी आहेत आणि तलाठ्याच्या दप्तरात सातबारे आहेत. क्विक फॉरमॅट म्हणजे जुनं दप्तर बाजूला सारून नवं कोरं दप्तर उघडणं. नोंद गेली, जमीन तिथेच आहे. तुमच्या फाइल डिस्कवर तशाच पडून असतात. कुठली फाइल कुठे आहे, तेवढंच कॉम्प्युटर विसरतो. पण दप्तर कोरं असल्यामुळे त्याला सगळी जमीन मोकळीच दिसते. तुम्ही नवं काही टाकलं की तो बिनधास्त त्या जमिनीवर घर बांधतो. मग तिथलं जुनं कायमचं गेलं. म्हणजे माझा खरा शत्रू फॉरमॅट नव्हता, दादाचे सिनेमे होते.

इथे दोन अपवाद नीट ऐका. एक, फुल फॉरमॅट. विंडोज व्हिस्टापासून फुल फॉरमॅट अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहितं. त्याला तासन् तास लागतात, आणि ते पूर्ण झालं तर विषय संपला. दोन, एसएसडी. लॅपटॉपमधल्या एसएसडीला फॉरमॅट करताना 'ट्रिम' नावाची कमांड जाते. तिचा अर्थ, ही जागा आता लागत नाही, साफ करून टाक. म्हणजे नोंद पुसली की मागोमाग बुलडोझर. त्यामुळे एसएसडीवरून फॉरमॅटनंतर फाइल परत मिळण्याची आशा फार कमी. माझी डिस्क जुनी, फिरत्या तबकडीची होती. तेच नशीब.

मग मी काय केलं? क्रमाने सांगतो, कारण यात क्रम चुकला की खेळ संपतो.

पहिलं, डिस्क काढून बाजूला ठेवली. नवीन काही कॉपी करायचं नाही, आणि रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर तर अजिबात टाकायचं नाही.

दुसरं, आवाज ऐकला. डिस्क टक-टक, खर्र-खर्र करत असेल तर ती आतून बिघडली आहे. तेव्हा सॉफ्टवेअरच्या नादी न लागता लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरी लॅबकडे न्या. खर्च हजारांत जातो, पण घरचे प्रयोग उरलंसुरलं घालवतात. माझी डिस्क शांत होती.

तिसरं, मित्राकडून दोन टीबीची डिस्क मागून आणली आणि लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यूने माझ्या डिस्कची जशीच्या तशी इमेज काढली. पुढचं सगळं काम त्या इमेजवर. चूक झालीच तर मूळ डिस्क सुरक्षित.

चौथं, शोध. याच्या दोन पद्धती आहेत. काही सॉफ्टवेअर आधी जुन्या दप्तराची शिल्लक पानं शोधतात. ती सापडली तर फाइल नावासकट, फोल्डरसकट परत येते. मला अशा नऊ मिळाल्या. दुसरी पद्धत म्हणजे दप्तर विसरायचं आणि सगळी जमीन हिंडायची. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरलेली असते. जेपेग फोटो 'एफएफ डी८ एफएफ' या बाइट्सनी सुरू होतो, वेव्ह ऑडिओ 'आरआयएफएफ' या अक्षरांनी. फोटोरेक हे फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर अशा खुणा शोधत जातं. नाव फोटोरेक असलं तरी ते ऑडिओ, व्हिडिओ, पीडीएफही काढतं.

रात्रभर स्कॅन चाललं. सकाळी शेकडो फाइल होत्या, पण या पद्धतीत नावं परत येत नाहीत. नुसते एफ आणि पुढे आकडे. काही फाइल अर्धवट, काही नुसती खरखर. म्हणून एकेक उघडून ऐकायला बसलो. कॉलेजची लेक्चरं, कुणाच्या तरी हळदीची गाणी... आणि मग एका फाइलमध्ये आजी. ओवी संपली आणि मागून तिचा आवाज, "आरं, बंद कर की त्ये आता. च्या गार झाला."

मी तिथेच थांबलो थोडा वेळ.

एकतीसपैकी चोवीस मिळाली. सातवर सिनेमे बसले होते, ती गेली ती गेलीच. दादाला मी काही बोललो नाही. एकच कॉपी ठेवणारा मीच होतो ना!

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे हार्ड डिस्क नाही, सगळं फोनमध्येच. तर मग जास्तच जपा. अँड्रॉइड १० सोबत बाजारात आलेल्या फोनपासून एन्क्रिप्शन सक्तीचं आहे. फॅक्टरी रीसेट केलं की त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. मग कुठलंही 'रिकव्हरी अ‍ॅप' काही करू शकत नाही, जाहिरात काहीही म्हणो. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो चुकून डिलीट केला, तर तो ६० दिवस ट्रॅशमध्ये असतो, तिथे आधी बघा. मेमरी कार्ड मात्र साधं वापरत असाल तर मघाशी सांगितलेली युक्ती चालते: कार्ड काढा, कॉम्प्युटरला लावा, फोटोरेक चालवा.

आणि शेवटी, अमेरिकी फोटोग्राफर पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आजीच्या ओव्या आता माझ्या लॅपटॉपवर आहेत, क्लाउडवर आहेत आणि एक डिस्क मामाच्या घरी. सांभाळतोय कोण? दादा.

हा एपिसोड संपला की एक काम करा. ज्या माणसाचा आवाज हरवलेला तुम्हाला चालणार नाही, त्याची एक फाइल आत्ता दुसरीकडे कॉपी करा. 'करू की नंतर' नको. भेटूया पुढच्या भागात!