गालिच्याच्या पायऱ्या आणि गटाचं मशीन



आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. पायऱ्यांवरचं कार्पेट साफ करायला मशीन कोणतं घ्यायचं, हा तो विषय. तुम्ही म्हणाल, बाप्पा, आमच्या भातकुलीत कोणाच्या पायऱ्यांवर कार्पेट आहे? आमची पायरी म्हणजे ओट्याचा दगड, बादलीभर पाणी ओतलं की झालं. खरं आहे. पण अमरावतीत मंगल कार्यालयं आहेत, हॉटेलं आहेत, मोठे दवाखाने आहेत. स्टेजच्या पायऱ्यांवर लाल कार्पेट, वरच्या हॉलला जाणाऱ्या जिन्यावर कार्पेट. तिथली साफसफाईची कामं आता आपल्या गटांना मिळू लागली आहेत. एवढ्यात तीन गटांनी मला एकच प्रश्न विचारला, "ताई, मशीन कोणतं घेऊ?" एका गटाचा तर ठरावसुद्धा लिहून झाला होता, फक्त सह्या बाकी होत्या. दहा बायांची बचत आणि वरून कर्ज. म्हणून आज जरा सविस्तर बोलते.

आधी माती ओळखा. कार्पेटमधली बहुतेक घाण ही कोरडी असते, बारीक माती आणि धूळ. आपल्याकडे ती काळी माती. काळ्या मातीला पाणी लागलं की ती फुगते आणि चिकटते, हे तुम्हाला मी सांगायला नको, पावसाळ्यात चपलेला किलोभर चिकटलेली असते. तीच माती कार्पेटच्या धाग्यात बसलेली असताना तुम्ही वरून पाणी मारलं, तर तिचा चिखल होऊन ती खाली मुरते. म्हणून पहिलं काम नेहमी कोरडं. ताठ ब्रशनं पायरी मोकळी करायची, मग व्हॅक्यूमनं ओढून घ्यायची. चिखल ओला असेल तर वाळू द्यायचा. ज्या गटाकडे कोरडं ओढायचं साधन नाही, त्यानं ओल्या मशीनचा विचारच करू नये, असं माझं मत आहे.

आपल्या जिल्ह्यातल्या शेंडगावात २३ फेब्रुवारी १८७६ ला जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावंच्या गावं झाडली. २० डिसेंबर १९५६ ला इथंच, वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला. खराट्याचा मान आपल्याला कोणी शिकवायला नको. पण खराटा अंगणाचा. कार्पेटवर मारला तर धूळ उडते आणि परत तिथंच बसते, थोडी आपल्या छातीत जाते. ती ओढून घेणारं यंत्र लंडनमध्ये १९०१ साली ह्युबर्ट बूथ नावाच्या इंजिनिअरनं बनवलं. ते इतकं मोठं होतं की घोडागाडीवर रस्त्यात उभं राहायचं आणि लांब पाइप खिडकीतून घरात जायचे. पुढच्या वर्षी राजाच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबे या चर्चमधले गालिचे त्यानं साफ केले. ही गोष्ट मी एका कारणानं सांगते. मशीन बाहेर, पाइप आत. जिन्याच्या कामाला ही युक्ती आजही लागू आहे.

कारण जिना म्हणजे सपाट फरशी नव्हे. फरशी घासायचं गोल ब्रशचं मोठं मशीन दुकानदार मोठ्या हौसेनं दाखवतो. पायरीवर पाय ठेवायची जागा दहा-बारा इंच. ते मशीन तिथं मावतच नाही, आणि मावलं तरी कडेवरून घसरून खाली येईल. उभी बाजू सहा-सात इंचांची, ती तर त्यानं साफच होत नाही. आणि जिन्याची सगळ्यात मळकी जागा कोणती? पायरीची कड, जिथं पायाचा पुढचा भाग टेकतो. तिथं हातात धरायचं चार इंची तोंडच चालतं. म्हणून मशीन बघायला गेलात की आधी विचारा, हाताचं तोंड सोबत मिळतं का, पाइप किती लांब आहे. मशीनचा रंग आणि ऑफर नंतर बघा.

मुख्य प्रकार दोन. एक वेट अँड ड्राय व्हॅक्यूम, म्हणजे कोरडी धूळही ओढतो आणि पाणीही ओढतो. दुसरं स्प्रे एक्स्ट्रॅक्शन मशीन, म्हणजे तेच तोंड शॅम्पूचं पाणी फवारतं आणि लगेच मळकं पाणी परत ओढून घेतं. त्यात दोन टाक्या असतात, एक स्वच्छ पाण्याची, एक मळक्या पाण्याची. काम दुसऱ्यानं लवकर आणि चांगलं होतं, यात शंका नाही. घरातला साधा व्हॅक्यूम मात्र पाण्यावर कधीच लावू नका. त्यात ओढलेली हवा मोटरमधूनच जाते, पाणी गेलं की मोटर जळते आणि शॉक बसायची भीती वेगळी. वेट अँड ड्रायमध्येसुद्धा पाणी ओढायच्या आधी कागदी पिशवी आणि कोरडं फिल्टर काढावं लागतं. हे दुकानात नीट शिकून घ्या, नुसतं पुस्तक घेऊन घरी येऊ नका.

आता वजनाचं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. टाकी ३० लिटरची असली आणि मशीन १० किलोचं, तर भरलेलं ४० किलो झालं. ते दुसऱ्या मजल्यावर कोण चढवणार? ऑटोत कोण ठेवणार? मोठी टाकी म्हणजे चांगलं मशीन, हे डोक्यातून काढा. दहा-पंधरा लिटरची टाकी दोनदा भरावी लागली तरी चालेल. मशीन खाली किंवा मधल्या चौकावर ठेवायचं, पायरीवर कधीच नाही, आणि पाइप भिंतीच्या बाजूनं न्यायचा म्हणजे कोणी अडखळणार नाही. फक्त पाइप फार लांब केला की ओढ कमी होते. म्हणून ओढीचा आकडा विचारा. तो मिलिमीटरमध्ये किंवा किलोपास्कलमध्ये लिहिलेला असतो. २० किलोपास्कल म्हणजे साधारण २००० मिलिमीटर. दोन मशीनांची तुलना वॉटवरून करू नका, ओढीवरून करा. वॉट म्हणजे फक्त किती वीज खातं ते.

वॉटचा उपयोग दुसरीकडे आहे. १२०० वॉटचं मशीन साधारण सव्वापाच अँपिअर घेतं, ते छोट्या प्लगवर कसंबसं चालतं. पाणी गरम करणारं २००० वॉटच्या वरचं मशीन जवळजवळ नऊ अँपिअर घेतं, त्याला मोठा प्लग हवा. जुन्या कार्यालयात जिन्याजवळ मोठा प्लग असतोच असं नाही. मग लग्नाच्या माळेसाठी वापरतात तसली बारीक वायर जोडून काम करायचं नाही. जाड, तीन तारांची, अर्थिंगची वायर गटाची स्वतःची ठेवा, आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी लावलेला बोर्ड वायरमनकडून करून घ्या. ओलं कार्पेट, ओले हात आणि वीज. इथं काटकसर नको.

गरम पाण्याचं आणि वाफेचं मशीन मी सध्या तरी घेऊ नका असंच म्हणेन. पायऱ्यांवर बरंचसं कार्पेट डिंकानं चिकटवलेलं असतं, वाफेनं डिंक सुटतो. लोकरीचं असेल तर आकसतं. दूध, अंड्याचा डाग गरमानं पक्का बसतो. आणि आपल्या बऱ्याच गावांत तिसरं कारण आहे, पाणी. आपण खारपाण पट्ट्यातले. बोअरचं पाणी खारं आणि जड. हीटरवर पांढरा थर बसेल, फवारणीची बारीक छिद्रं बुजतील. साध्या मशीनलासुद्धा ते पाणी नको. खाऱ्या पाण्यात शॅम्पू नीट काम करत नाही, आणि कार्पेट वाळल्यावर वर पांढरट क्षार येतात. गिऱ्हाईक म्हणतं, बायांनी साबण धुतलाच नाही. म्हणून कामाला नळाचं गोडं पाणी वापरा, आणि काम झालं की मशीनमधून तेच पाणी फिरवून टाक्या उघड्या वाळवा.

कपड्याच्या साबणाची पावडर चालेल का, असं सगळ्या विचारतात. नाही. तिचा फेस मशीनच्या टाकीत चढतो, आणि धाग्यात राहिलेली पावडर चिकट होऊन आठ दिवसांत परत धूळ धरते. कमी फेसाचा कार्पेट शॅम्पू घ्या आणि डब्यावर लिहिलंय तेवढाच घाला. १ ला ४० लिहिलं असेल तर एका लिटरला २५ मिलि. जास्त घातल्यानं जास्त स्वच्छ होत नाही. आणि मंगल कार्यालय म्हटलं की हळद आलीच. हळदीच्या डागावर साबण किंवा सोडा घासला की तो लाल होतो, हे आपण पदरावर पाहिलंय. आधी कोरडी हळद ब्रशनं उचला, मग कोपऱ्यात थोडं करून बघा. कार्पेटचा रंग जातो का, हेही तिथंच कळतं. पांढरा ओला फडका दोन मिनिटं दाबून ठेवा. फडक्याला रंग लागला तर ते काम घ्यायच्या आधी मालकाला दाखवा.

मला विचाराल तर नव्या गटानं सुरुवात वेट अँड ड्राय व्हॅक्यूम आणि दोन लिटरच्या हातपंपानं करावी. पंपानं शॅम्पूचं पाणी हलकं मारायचं, मऊ ब्रशनं घासायचं, व्हॅक्यूमनं ओढायचं, मग साध्या पाण्यानं तसंच एकदा. मेहनत थोडी जास्त, पैसे खूप कमी. पण पंप नवा घ्या. घरातला फवारणीचा पंप धुऊन आणते असं एक वहिनी म्हणाल्या होत्या. अजिबात नको. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण विसरलो नाही. ज्या पायरीवर लेकरं बसतात, तिथं त्या पंपाचं पाणी जायला नको.

आता हिशेब. हे आकडे समजण्यापुरते धरा, तुमच्या बाजारातले तुम्ही घाला. ४० पायऱ्यांचा जिना, पायरीला ३० रुपये, म्हणजे १२०० रुपये. ऑटो २००, शॅम्पू वगैरे १००, दोन बायांची मजुरी ३०० प्रमाणे ६००. उरले ३००. त्यातले ५० मशीनच्या दुरुस्तीला बाजूला, राहिले २५०. बायांची मजुरी आधी काढायची, हे लक्षात ठेवा. "गटाचं काम आहे, मजुरी नको" असं म्हणून धंदा चालत नाही, नुसत्या बाया थकतात.

मशीन ३६,००० चं घेतलं, २४ महिने, महिन्याला शेकडा १ रुपया व्याज. पहिला हप्ता मुद्दल १५०० आणि व्याज ३६०, म्हणजे १८६०. अडीचशेनं भागा. महिन्याला आठ कामं पाहिजेत. तेच १२,००० चं घेतलं तर ५०० आणि १२०, म्हणजे ६२०. तीन कामांत भागतं. आता बैठकीत एकमेकींना विचारा, तुळशीच्या लग्नानंतर कामं असतील, पण आषाढात, श्रावणात आठ कामं कुठून आणायची? हप्ता तर श्रावणातही येतो. ज्या गटाचा ठराव लिहून झाला होता, त्यांनी हा हिशेब वहीत मांडला आणि सह्या थांबवल्या. आधी दोन कार्यालयांकडून वर्षभराचं काम लेखी घेतो, मग मोठं मशीन बघू, असं ठरलं. तोवर मोठ्या मशीनचं एखादं काम आलंच, तर एक दिवस भाड्यानं आणून बघता येतं.

आणि काही ठिकाणी मशीन लागतच नाही. स्टेजच्या पायऱ्यांवर नुसती टाकलेली पातळ मॅट असेल तर ती उचला, झटका, गच्चीवर पसरून धुवा, उन्हात वाळवा. आपल्या वऱ्हाडातल्या उन्हाइतकं स्वस्त वाळवायचं मशीन कुठं मिळणार?

चिकटवलेला जिना मात्र जागेवरच वाळवावा लागतो, आणि ओला जिना म्हणजे घसरण. काम वरून खाली करत या, म्हणजे ओल्यावर पाय पडत नाही. जिना चालू ठेवावा लागत असेल तर आधी डावी अर्धी बाजू करा, ती वाळली की उजवी. मध्ये दोरी बांधा. पंखा लावा. वाळलं का हे हात फिरवून नाही, पांढरा फडका पायानं दाबून बघा. गुडघ्याखाली पोत्याची घडी घ्या आणि पदर खोचून घ्या, पाइपात अडकतो.

दुकानात जाताना दोघी जा, एक हिशेबाची आणि एक प्रत्यक्ष काम करणारी. मशीन चकचकीत टाइल्सवर दाखवतील. तुम्ही म्हणा, दुकानाच्या जिन्यावर चालवून दाखवा. बिल गटाच्या नावानं, जीएसटीचं पक्कं. वॉरंटीच्या कार्डावर तारीख आणि शिक्का. पाइप, ब्रश, रबर, फिल्टर अमरावतीत किंवा अकोल्यात मिळतं का, की प्रत्येक वेळी नागपूरला पाठवावं लागतं, हे पैसे देण्याआधी विचारा. लग्नाच्या सिझनमध्ये मशीन पंधरा दिवस दुरुस्तीला गेलं तर हातातली कामं दुसऱ्याकडे जातात.

ज्या गटांना हा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी मांडायचा आहे, त्यांनी पुढच्या बैठकीला वही, कार्यालयांची नावं आणि प्रत्येक जिन्याच्या मोजलेल्या पायऱ्या घेऊन या. पायऱ्या खरंच मोजून आणा, अंदाजानं नको. नमस्कार.