वैद्यकशिक्षणाची नवी वाट आणि मातृभाषेची शाळा

(हीरक महोत्सवी समारंभात केलेले भाषण)



शाळेच्या साठाव्या वर्षी या व्यासपीठावरून बोलण्याचा मान आपण दिलात, याबद्दल मी आपली ऋणी आहे. दिल्लीला लागून असलेल्या गाझियाबादेत मी वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवते. सुटीत इकडे आले की ओळखीचे पालक एक प्रश्न हमखास विचारतात : "मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला डॉक्टर होता येईल का हो?" या प्रश्नामागे मुलाच्या आयुष्याची काळजी असते आणि पुष्कळदा शाळा बदलण्याचा निर्णय त्याच्या उत्तरावर अवलंबून असतो. म्हणून वैद्यकीय शिक्षणात अलीकडे काय बदलले, हे मी आज त्या प्रश्नाच्याच अनुषंगाने सांगणार आहे.

प्रथम प्रवेशाविषयी. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर देशभरासाठी ‘नीट’ ही एकच परीक्षा पुन्हा लागू झाली आणि २०१७ पासून तिची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळू लागली. २०१४ पूर्वी देशात एमबीबीएसच्या सुमारे ५१ हजार जागा होत्या. दहा वर्षांत त्या एक लाख दहा हजारांच्या पुढे गेल्या. तरीही २०२४ साली या परीक्षेला २३ लाखांहून अधिक मुले बसली होती. एवढ्या गर्दीतून निवड करायची, तर चार पर्यायांतून एक उत्तर निवडण्याची पद्धत यंत्रणेला सोयीची वाटते. पण समोरच्या माणसाशी दोन शब्द बोलता येतात की नाही, हे या परीक्षेत कोणी विचारत नाही. अकरावी-बारावीची दोन वर्षे मूल शिकवणीवर्ग आणि सराव-चाचण्या यांत बुडून जाते. घरी आलेल्या पाहुण्यांशी बोलायलाही त्याला उसंत नसते.

गंमत अशी, की हेच मूल महाविद्यालयात पाऊल टाकते तेव्हा त्याच्याकडून नेमक्या उलट गुणांची अपेक्षा केली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून देशभर क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम सुरू झाला. विद्यार्थ्याला किती ठाऊक आहे, यासोबत त्याला प्रत्यक्ष काय करता येते, हेही त्यात मोजायचे असते. पुढच्याच वर्षी भारतीय वैद्यक परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली आणि हे धोरण पुढे चालू राहिले. पूर्वी पहिले वर्ष शवविच्छेदनाच्या टेबलापाशी आणि प्रयोगशाळेत सरत असे; आता पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थ्याला रुग्णाजवळ नेतात. आरंभी एक पायाभूत अभ्यासक्रम असतो. त्यात इंग्रजी आणि संगणक यांच्या जोडीला स्थानिक भाषेचेही धडे असतात. शिवाय वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद हा विषय साऱ्या वर्षांतून गुंफलेला आहे. शस्त्रक्रियेसाठी संमती घेताना रुग्णाला काय आणि कसे सांगावे, दुर्धर आजाराची बातमी नातेवाइकांना कोणत्या शब्दांत द्यावी, रागावलेल्या माणसासमोर आपला तोल कसा राखावा, हे आता शिकवले जाते आणि त्याचे मूल्यमापनही होते.

याची गरज का पडली, हे गाझियाबादेत राहून फार लवकर कळते. साहिबाबादच्या कारखान्यांत काम करणारे बिहार, पूर्वांचल आणि बंगालमधले कामगार, मोदीनगर-मुरादनगरकडचे शेतकरी, इंदिरापुरमच्या उंच इमारतींतले नोकरदार असे सारे एकाच शहरात नांदतात. बाह्यरुग्ण विभागात एखादे वयस्क गृहस्थ येतात आणि म्हणतात, "जी घबरा रहा है।" एवढेच. या तीन-चार शब्दांत मळमळ असू शकते, छातीतली धडधड असू शकते, मनातली भीती असू शकते आणि क्वचित हृदयविकाराच्या झटक्याची पहिली खूणही असू शकते. पाठ्यपुस्तकात हा शब्दप्रयोग सापडत नाही. विद्यार्थ्याने चटकन ‘घबराट’ असे लिहून कागद पुढे सरकवला, तर मोलाची वेळ हातची जाते. तो थांबला, ‘म्हणजे नेमके काय होते आहे?’ असे त्यांच्याच बोलीत विचारता झाला, तर निदानाची वाट उघडते. अशा वेळी मला आपल्याकडचे ‘जीव घाबरा होतो’ आणि ‘कसंतरीच होतंय’ आठवतात आणि हिंदीतला तो रुग्ण परका वाटत नाही.

आपल्या भाषेत दुखण्याला किती नावे आहेत पाहा. दात ठणकतो, गळू ठसठसते, पोटात मुरडा येतो, पाठीत उसण भरते, पायात गोळे येतात, जखम चुरचुरते, घशाशी जळजळते, काटा सलतो. यांतला प्रत्येक शब्द वेगळ्या कारणाकडे बोट दाखवतो. ठसठस म्हटले की आत पू साचला असावा, अशी शंका येते; मुरडा म्हटले की आतड्याकडे लक्ष जाते. आजीच्या तोंडून हे शब्द ऐकलेल्या आणि शाळेत ते निबंधात लिहिलेल्या मुलाजवळ निदानाची अर्धी शिदोरी असते. एका भाषेत असा बारकावा ज्याच्या कानाला सवयीचा झाला, तो दुसऱ्या भाषेतही तो शोधू लागतो.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आणलेला ‘कुटुंब दत्तक’ उपक्रम याच विचाराचा पुढचा टप्पा आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने गावातील काही कुटुंबांशी पहिल्या वर्षापासून संबंध ठेवायचा, त्यांच्या आरोग्याची नोंद ठेवायची आणि गरज पडेल तेव्हा त्यांना रुग्णालयापर्यंत आणायचे, अशी ही कल्पना. देशाला ती नवी असली, तरी वर्धेला जुनी आहे. दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात शिकलेल्या आणि पुढे केंद्रात आरोग्यमंत्री झालेल्या डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. तेथे नव्या विद्यार्थ्यांचा आरंभ आश्रमातील शिबिराने होतो. मग प्रत्येक तुकडीला एक गाव आणि प्रत्येक विद्यार्थ्याला काही घरे सोपवली जातात. निरनिराळ्या राज्यांतून आलेली मुले त्या घरांच्या ओसरीवर बसून मराठी शिकतात, कारण शिकल्यावाचून गत्यंतरच नसते. गाझियाबादेत आलेला मराठी मुलगा हिंदी शिकतो, तोही तसाच.

देशी भाषेतून वैद्यक शिकवण्याची परंपरासुद्धा आपल्याकडे आहे. मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये सुरू झाले आणि १८६०च्या दशकात तेथे मराठीतून व गुजरातीतून शिकवणारे वर्ग निघाले. तेथील अध्यापक डॉ. सखाराम अर्जुन यांनी मराठीत वैद्यकावर पुस्तके लिहिली. त्यांच्या घरात वाढलेल्या रखमाबाई लंडनहून डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांवर उपचार केले. अगदी अलीकडे, ऑक्टोबर २०२२ मध्ये, मध्य प्रदेशात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली. त्या प्रयोगाचे मोल काळच ठरवील.

आता खरी अडचणही सांगितली पाहिजे. वैद्यकाचे ग्रंथ, संशोधन आणि बहुतेक महाविद्यालयांतील तोंडी परीक्षा आजही इंग्रजीतच आहेत. मराठी शाळेतून आलेला विद्यार्थी पहिले सहा महिने चाचपडतो; उत्तर येत असूनही वाक्य जुळत नाही म्हणून गप्प राहतो. ही अडचण आहे आणि ती कमी लेखणे मुलांवर अन्याय करणारे होईल. परंतु ‘फीमर’ आणि ‘ब्रॅकिअल’ हे लॅटिन-ग्रीक वळणाचे शब्द इंग्रजी शाळेतल्या मुलालाही तितकेच नवे असतात. ‘श्वासपटल’ हा शब्द मात्र आपला अर्थ स्वतःच सांगतो. ज्याला तो आठवीत उमगला, त्याला ‘डायफ्रॅम’ पाठ करायला वेळ लागत नाही. शब्द सहा महिन्यांत येतात. विषय समजण्याची सवय लागायला बालपण लागते.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे, की माध्यम बदलण्यापूर्वी थोडे थांबा. मुलाला मराठीत नीट विचार करू द्या आणि आठवीपासून रोज एक पान इंग्रजी मोठ्याने वाचायला लावा. शिकवणीवर्गाच्या धावपळीतही आठवड्यातून एकदा त्याला आजी-आजोबांच्या दुखण्याची चौकशी करू द्या. शाळेलाही एक सुचवावेसे वाटते : नववी-दहावीच्या विज्ञानात मराठी संज्ञेच्या शेजारी इंग्रजी संज्ञा फळ्यावर लिहिली जावी, आणि वैद्यकीय शाखेत गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक दिवस येऊन मुलांच्या शंकांना उत्तरे द्यावीत. तो दिवस ठरवलात, तर गाझियाबादहून येण्याची जबाबदारी माझी.

पालकहो, तुमच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. इंग्रजीसाठी त्या मुलाला थोडे जास्त कष्ट पडतील. पण रुग्णाच्या खाटेशी बसून त्याचे म्हणणे ऐकताना त्याला कमी कष्ट पडतील, आणि आजचे वैद्यकशिक्षण नेमके तेच मागते आहे. शाळेला पुढील वाटचालीसाठी मनःपूर्वक शुभेच्छा देते आणि थांबते.