फोटोखाली कुणाचं नाव?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



आमच्या संस्थेच्या अहवालात मी काढलेला एक फोटो आहे. बचत गटाच्या पाचजणी. खाली छापलंय, 'लाभार्थी महिला'. पाचहीजणींची नावं मला पाठ होती, तरी लिहिली नाहीत. त्यातल्या एकीनं विचारलं, "ताई, माझं नाव कुठंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ही सवय जुनी आहे. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरीनं एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घेण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. फोटो स्वस्त झाले. त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. ऐपत असलेली माणसं स्टुडिओत जाऊ लागली. नक्षीची खुर्ची, मेजावर पुस्तक, मागे रंगवलेला पडदा. खुर्ची स्टुडिओची, पण प्रतिष्ठा फोटोबरोबर घरी यायची.

आता दुसरी बाजू बघा. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारनं 'द पीपल ऑफ इंडिया' या नावानं आठ खंड काढले. चारशेहून अधिक फोटो. त्यातल्या बहुतेकांखाली माणसाचं नाव नाही, फक्त जात किंवा जमात. स्वतः पैसे मोजून फोटो काढून घेणारा 'व्यक्ती' ठरला. ज्याचा दुसऱ्यानं काढला, तो 'नमुना'.

याच काळातला आणखी एक फोटो तुम्ही पाहिला असेल. १० ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फियाचं स्त्रियांचं वैद्यकीय महाविद्यालय. आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या सबात इस्लामबूली. तिघी आपापल्या पोशाखात. परदेशी लोकांना या पोशाखांचं कुतूहल असणारच. पण खाली तिघींची नावं आहेत, गावंही आहेत. म्हणून आज आपण त्यांना नावानं हाक मारू शकतो. आनंदीबाई ब्राह्मण घरातल्या होत्या, हेही विसरून चालणार नाही. त्या खंडांमधल्या बायकांना हाक मारायला आपल्याकडे नावच नाही.

आणि आपण? 'लाभार्थी', 'पीडित', 'आदिवासी महिला' असं लिहितो, तेव्हा त्याच खंडांत भर घालतो.

हिंसाचाराच्या केसमध्ये नाव जपावंच लागतं. इतर वेळी मात्र तिला विचारायचं. फोटो काढू का, कुठे छापू, खाली काय लिहू? आणि छापल्यावर एक प्रत तिच्या हातात द्यायची.

पुढच्या अहवालात त्या पाचजणींची नावं असतील. त्यांनी सांगितली तशी, त्यांनी सांगितलेल्या क्रमानं.