आर्ट्‌सला जाऊन पोरगी करणार काय?

निकाल लागला की आपल्या सातारा-सांगलीकडं घरोघरी एकच बोलणं सुरू होतं. सायन्स मिळालं तर बरं, नाहीतर कॉमर्स. मुलीनं आर्ट्‌सचं नाव काढलं, की “लग्न जमेपर्यंत जाऊ दे तिकडं,” म्हणून विषय संपतो. आज आम्ही त्यावरच बोलणार आहोत.

इतिहास, मराठी, अर्थशास्त्र हे विषय गाईडमधून पाठ केले, तर हाती फारसं लागत नाही, हे खरं. पण वर्गात चर्चा होत असेल तर गोष्ट वेगळी. समजा, बाईंनी टेंभू योजनेचा विषय काढला. कृष्णेचं पाणी उचलून आटपाडी, कवठेमहांकाळकडं नेलं. ते वाटायचं कसं? कराडची मुलगी उसाच्या बाजूनं बोलेल, आटपाडीची टँकरचे दिवस सांगेल. आटपाडीकडं समान पाणीवाटपाची चळवळ का उभी राहिली, तेही निघेल. दोघींना आपलं म्हणणं पुराव्यानं मांडावं लागेल, दुसरीचं ऐकून घ्यावं लागेल, पटलं तर मतही बदलावं लागेल. हे पाठांतरानं येत नाही.

आपल्या मातीला हे नवं नाही. सावित्रीबाई आपल्या नायगावच्या. फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. नुसती बाराखडी घोकून असा जाब विचारता येत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं, तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र जेवली, एकत्र शिकली. १९४७ साली त्यांनीच साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं.

आज ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पण खुर्ची मिळाली तरी बोलायचं कुणी? नवऱ्यानं? ग्रामसभेत, बँकेत, नोकरीच्या मुलाखतीत ज्या मुलीला आपलं म्हणणं नीट मांडता येतं, तिचं शिक्षण वाया गेलं असं कोण म्हणेल?

तेव्हा प्रवेश घेताना नुसती इमारत बघू नका. तिथल्या मुलींना विचारा: तास रोज होतात का? प्रश्न विचारलेला चालतो का? लिहिलेलं तपासून परत मिळतं का? वाचायला पुस्तकं घरी देतात का?

आणि मुलगी घरी आली, की “किती मार्क पडले?” याच्या आधी “आज वर्गात तू काय बोललीस?” एवढं जरूर विचारा.