वाफेचाही हिशेब विचारूया

बचत गटात आपण पै-पैचा हिशेब विचारतो. आज आणखी एक हिशेब समजून घेऊया. तो आहे दवाखान्यातल्या वाफेचा.

बाळाची नाळ कापायची कात्री, टाके घालायचा चिमटा, कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनची हत्यारे पुन्हा पुन्हा वापरली जातात. दर वेळी ती धुऊन, कापडात बांधून ऑटोक्लेव्हमध्ये ठेवतात. ऑटोक्लेव्ह म्हणजे दवाखान्याचा मोठा कुकरच. साध्या यंत्रात बांधलेल्या हत्यारांना 121 अंशांची वाफ साधारण 30 मिनिटे द्यावी लागते. आतली हवा आधी ओढून काढणाऱ्या मोठ्या यंत्रात 134 अंशांवर 3-4 मिनिटे पुरतात.

खरी अडचण हवेची असते. घरी आपण कुकरमधून वाफ जोरात यायला लागली की मगच शिट्टी लावतो, कारण आधी आतली हवा निघून जायला हवी. ऑटोक्लेव्हमध्ये गाठोड्याच्या मधोमध हवा अडकली, तर तिथे वाफ पोहोचत नाही. बाहेरचा काटा बरोबर दिसतो, पण आतली हत्यारे कच्ची राहतात. नुसत्या डोळ्यांना हे दिसत नाही. अशा हत्यारांतून जंतू गेले, तर ते सोसावे लागते बाळंतिणीला.

म्हणून यंत्राची परीक्षा घेतात. हवा ओढणाऱ्या यंत्रासाठी बोवी-डिक नावाची चाचणी आहे. ती 1963 मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हा टॉवेलच्या घड्यांमध्ये रंग बदलणारी पट्टी ठेवत. आता तयार पुडके मिळते. रोज सकाळी, पहिली हत्यारे लावण्याआधी, ते एकटेच यंत्रात ठेवतात. आतल्या कागदाचा रंग सगळीकडे सारखा बदलला तर यंत्र पास. मध्ये फिका डाग राहिला तर हवा अडकली, यंत्र नापास. दुसरी चाचणी निरुपद्रवी पण चिवट जंतूंच्या कुपीची. वाफ देऊनही ते जंतू वाढले, तर वाफ कमी पडली असे समजायचे.

आता हे काम यंत्र स्वतःही करू लागले आहे. काही यंत्रे ठरलेल्या वेळी आपोआप तापतात आणि गळती तपासतात. उष्णता आणि दाब सतत मोजून कागदावर छापतात, आणि कमी पडले तर धोक्याची सूचना देतात. रात्रपाळी करून दमलेल्या सिस्टरला याचा मोठा आधार होतो. घाईत अंदाजाने आकडा लिहिण्याचा प्रश्नच राहत नाही.

पण बँकेच्या यंत्राने पासबुक छापले तरी आपण बैठकीत ते वहीशी ताडून पाहतोच ना? तसेच इथेही आहे. छापलेला कागद कुणी तरी वाचला पाहिजे, आणि यंत्र नापास झाले तर ते थांबवले पाहिजे.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी काही जणी रुग्ण कल्याण समितीवर आहेत. पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारूया. यंत्राची चाचणी कधी होते? तिची नोंद कुठे असते? यंत्र नापास झाले तर त्या दिवशीची हत्यारे कुठून येतात? आपल्याला सिस्टरची चूक काढायची नाही. पट्ट्या, कुप्या आणि दुरुस्ती यांसाठी पैसे लागतात, ती मागणी त्यांच्या बाजूने आपण मांडायची आहे.