घड्याळ कुणाचं?

(रत्नागिरी येथे महिला बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण संपवून मी कामाला लागले, तेव्हा 'वेळापत्रक' या शब्दाचाच मला राग होता. वेळच्या वेळी चहा, वेळच्या वेळी ताट, दिवेलागणीच्या आत घरात. बाईला बांधून ठेवणारी दोरी ती हीच, असं माझं ठाम मत होतं. म्हणून गटाची चारची बैठक मी पाचला सुरू करायची. 'सगळ्या जमू देत, घाई कसली?' म्हणायची. त्यातच मला मोकळेपणा वाटायचा.

एकदा बैठक संपल्यावर मिरकरवाड्यातल्या एका मावशींनी मला थांबवलं. साठीकडे आलेल्या, मासळी विकून घर चालवलेल्या. म्हणाल्या, "बाय, तुझी चारची मीटिंग पाचला लागते. सहाला मला घरात जाब द्यावा लागतो. उशीर तू करतेस, बोलणी मी खाते."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी त्यांना त्यांचा दिवस विचारला. होड्या लागतील तेव्हा लिलाव, लिलाव होईल तसा बाजार, बाजार आटपेल तशी चूल, मग नळाचं पाणी, नातवंडांची शाळा. "सगळ्यांच्या वेळा मला पाठ. माझी वेळ कुठची?" हा त्यांचा प्रश्न.

केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीतही हेच दिसतं. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८. आणि असं काम करणारे पुरुष मुळातच थोडे.

तेव्हापासून आमची बैठक चारला सुरू होते, पाचला संपते. मावशींनी पुढे बाकीच्या दिवशीही चार ते पाच हा तास धरून ठेवला. त्या तासात त्या पासबुक आणि पेपर वाचायला शिकतात. आधी घरात कुरकुर झाली. आता चारचा चहा नातू करतो. मावशी म्हणतात, "आयुष्यभर घड्याळ माझ्यावर ओरडायचं. आता मी त्याची वाट बघते."

ही गोष्ट जुनी आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी एक आपल्या कोकणातली, गोदूबाई जोशी. पुढच्या आनंदीबाई कर्वे. लहानपणीच वैधव्य आलेली ही बाई विशी उलटल्यावर अभ्यासाला बसली. घरात राबणाऱ्या विधवेचा दिवसही पहाटेपासून बांधलेलाच असे. सदनातल्या दिवसात तिच्या स्वतःच्या शिक्षणाला वेळ ठरलेली होती. फरक एवढाच, पण त्याने आयुष्य बदललं.

बाईने आणखी शिस्तीने वागावं, असं सांगायला मी उभी नाही. शिस्तीत तर आपण जन्मभर आहोत. दिवसाची आखणी करताना आपलाही एक तास त्यात असावा, आणि त्या तासातलं घरकाम दुसऱ्या कुणीतरी उचलावं, एवढंच मागायचं आहे. कार्यकर्त्यांनीही बैठका वेळेवर सुरू कराव्यात, वेळेवर संपवाव्यात. बाईचा तास वाया घालवणारी चळवळ तिची कशी होईल?

मला दिलेली वेळ संपली. थांबते.