रेषा, शृंगार आणि मर्यादा
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



शंभर वर्षे ग्रंथ जपणाऱ्या या वास्तूत शृंगारिक चित्रांविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु काय जपावे आणि काय नाकारावे, हा प्रश्न ग्रंथालयाचा नित्याचाच आहे. तो आज मी आपल्या गोव्यातील साळगावी १९२४ मध्ये जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या रेखाटनांच्या आधारे मांडतो.

सूझा आणि अकबर पदमसी यांच्या सात कलाकृती परदेशातील लिलावांत विकत घेऊन मुंबईस आणल्या गेल्या. सीमाशुल्क खात्याने त्या अश्लील ठरवल्या आणि १ जुलै २०२४ च्या आदेशाने जप्त केल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, आणि जाणकारांचा अभिप्राय डावलून अधिकाऱ्याने स्वतःच्या समजुतीवर निवाडा करू नये, असा त्या निकालाचा आशय आहे. पदमसींना तर १९५४ मध्येच ‘प्रेमी’ या विषयावरील चित्रांसाठी मुंबईत खटल्यास तोंड द्यावे लागले होते. त्यातून ते निर्दोष सुटले.

कायद्याने सोडले म्हणून चित्र श्रेष्ठ ठरत नाही. त्याचा कस रेषेतच पाहावा लागतो. सूझांची बाह्यरेषा जाड आणि काळी. छाया रेघांच्या जाळीने उभी राहते. डोळे कित्येकदा कपाळापर्यंत चढतात. असे शरीर पाहणाऱ्याला सुखाने गोंजारत नाही, उलट त्याला अडवते आणि विचारात पाडते. उत्तान चित्रात रेषा दिसेनाशी होते आणि केवळ विषय उरतो. कलेत विषय रेषेत विरघळतो. आपल्या काव्यशास्त्राने याच व्यापाराला साधारणीकरण म्हटले आहे. अमुक एक स्त्री, अमुक एक पुरुष हे विशेष गळून पडतात, तेव्हाच रती या भावाचा शृंगार हा रस होतो. हालाच्या गाथासप्तशतीपासून लावणीपर्यंत आपल्या परंपरेला हे अपरिचित नाही.

नीतीची मर्यादाही येथेच सापडते. ओळखू येणाऱ्या हयात स्त्रीचे तिच्या संमतीवाचून असे चित्र काढले, तर साधारणीकरण घडतच नाही. घडते ती विटंबना. बालकांच्या बाबतीत तर कोणतीही शैली, कोणतीही कल्पनाशक्ती ही सबब होऊ शकत नाही. शैलीकरण हा मुखवटा नव्हे. ती कलावंताने स्वीकारलेली जबाबदारी आहे.

सूझांच्या काही स्त्रीप्रतिमांत क्रौर्य आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो मला दुर्लक्षणीय वाटत नाही. परंतु त्याची चर्चा करायची तर चित्र समोर असावे लागते. गोदामात बंद केलेल्या चित्राचा निषेधही नीट करता येत नाही.

म्हणून या ग्रंथालयाला माझी नम्र सूचना आहे. कलाविषयक ग्रंथ कुलूपबंद कपाटात ठेवण्याऐवजी प्रौढ वाचकांच्या मेजावर यावेत आणि त्यांच्याविषयी येथेच मोकळी चर्चा व्हावी. ज्या संस्थेने शंभर वर्षे वाचकाच्या विवेकावर विश्वास ठेवला, तिने प्रेक्षकाच्या विवेकावरही तो ठेवावा.